खांबावरची खूण

१६ मे १९९३
वारा ईशान्य, बोचरा. खाडीत बर्फाचे तुकडे अजून तरंगतायत.

चाळीस वर्षं ही वही होडीत राहिली. वारा कुठला, समुद्र कसा, जाळ्यात कॉड मासे किती, एवढंच लिहायचं. गेल्या जुलैत सरकारनं कॉड पकडायला बंदी घातली आणि वही बंद पडली. ‘मासे’ या शब्दापुढे शून्य लिहायला माझा हात धजत नाही. आज लिहायला बसलो कारण बायकोशी, ड्रुसीशी वाजलं आणि ते कुणाला तरी सांगायला हवं. शेजारच्या एफीमावशीला सांगितलं असतं, पण मग जेवणाच्या आत अख्ख्या पिंचर्स कोव्ह गावाला कळलं असतं.

सकाळी मी स्वयंपाकघरातल्या दिवाणावर आडवा होतो. ड्रुसीनं माझ्या पोटावर फावडं आणून ठेवलं.

“ऊठ. बाबांची बाग खणायचीय.”

“तीस वर्षं गवत माजलंय तिथे. आणि मी कोळी आहे, माळी नाही.”

“कोळी होतास. हिवाळाभर त्या दिवाणाचं झाकण झालायस.”

मग खरं काय ते बाहेर आलं. ओंटारिओहून आमच्या मुलीचा, व्हर्नाचा फोन आला होता. तिच्या घराखालच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत, कायमचे या म्हणते. मी पाहिल्यात त्या खोल्या. खिडकीतून मोटारींची चाकं दिसतात आणि समुद्र हजार मैलांवर. मी म्हटलं, मेलो तरी जाणार नाही. ड्रुसी म्हणाली, “मग माझी एक अट आहे.”

घरामागे टेकडीच्या पोटात माझ्या सासऱ्यांनी दगडमातीची कोठी बांधलेली आहे. आत बटाट्यांचा मोठा कप्पा आहे, आणि त्याच्या खांबावर म्हाताऱ्यानं कुऱ्हाडीनं एक खूण पाडलीय. बटाटे त्या खुणेला लागले की घर पुढच्या वसंतापर्यंत पोटभर जेवणार, असं त्याचं गणित. ड्रुसी म्हणते, ऑक्टोबरात बटाटे खुणेला लागले तर इथेच राहू, आणि नाही लागले तर बर्फ पडायच्या आत सामान बांधून व्हर्नाकडे. “बंदीपायी सरकारचे पैसे आज येतायत, उद्या थांबतील. कॉड कधी परत येईल ते कॉडलाच माहीत. आपलं पोट आपल्याला भरता आलं, तर इथे राहण्यात अर्थ आहे.”

बोलणं बरोबर होतं म्हणूनच मला जास्त राग आला.

वर तिनं माझी बंदूक भिंतीवरून काढून एफीमावशीच्या पडवीत नेऊन ठेवलीय. म्हणे गंज चढलाय. कसला गंज. फेब्रुवारीत मी स्वतः तेल देऊन पुसलीय. बायकांना बंदुकीतलं काय कळतं.

२८ मे
वारा पश्चिमेचा. पाठ गेली कामातून.

आमच्याकडे माती म्हणजे दगडांवर टाकलेलं पांघरूण आहे. वीतभर खाली गेलं की खडक. म्हणून दोन बाजूंना चर खणायचे आणि त्यातली माती मधे टाकून उंच वाफे करायचे. मी दोन वाफे केले तोवर ड्रुसीनं तीन केले होते. तेवीस वर्षं ती माशांच्या कारखान्यात गारठ्यात उभी राहून कॉड कापत होती. कारखाना बंद पडला त्या दिवशी घरी आली, सुरी धुतली, फडक्यात गुंडाळली आणि वर ठेवून दिली. एक शब्द बोलली नाही. मी मात्र दहा महिने बोलतोच आहे.

मावशी कुंपणाला टेकून बघत होती. ऐंशी वर्षांची झाली, पण डोळे ससाण्याचे. “सेल्बी, तो वाफा आहे की होडी? पुढून निमुळता का काढलायस?”

पाहिलं तर खरंच निमुळता झाला होता. सवय.

१० जून
वारा मंद. बटाटे लावून झाले. सलगम आणि कोबीही.

समुद्रातली शेवाळाची वेल वाफ्यांवर खत म्हणून घालायला हवी होती म्हणून बंदीनंतर पहिल्यांदा होडी पाण्यात उतरवली. दगडांवरून काठीनं वेल गुंडाळून काढायची आणि होडी काठोकाठ भरायची. परत येताना होडी जड झाली होती आणि पाण्यात खोल बसली होती. भरलेली होडी घेऊन घरी येतोय असं वाटलं. डोळ्यांत पाणी आलं, ते वाऱ्यामुळे नव्हतं. इथे लिहितो, दुसरीकडे कुठे सांगायचं नाही.

६ जुलै
वारा दक्षिणेचा, उबदार. कॅपलिन आले!

वाट बघून डोळे दुखले होते. पूर्वी जूनमध्ये यायचे, यंदा जुलै उजाडला. सकाळी मावशीनं हाक मारली, “अरे, किनारा पांढरा झालाय.” जाऊन बघतो तर बोटभर लांबीचे चांदीचे मासे, लाखांनी, अंडी घालायला लाटेबरोबर वाळूवर लोळतायत. आमच्याकडे बटाट्याला यांचंच खत. रोपं वर आली की वाफ्यावर एक पातळ थर घालायचा आणि चरातली माती लगेच वरून ओढायची.

ड्रुसीनं निघताना बजावलं, “वाफ्याला दोन बादल्या. घातल्या की माती ओढ. मग पुढचा वाफा.”

मी हो म्हणालो. मनापासून म्हणालो होतो.

पण वर्षभरानंतर हातात जाळं आलं. फेकलं की भरून येतंय. त्या वजनानं खांदे ताणले गेले आणि मला काही म्हणजे काही सुचेना. बादली भरली, ओतली, परत आलो. माती नंतर ओढू, भरती संपायच्या आत आणखी आणू. लहानपणापासून हेच अंगात भिनलंय: मासा आला की थांबायचं नाही, तो उद्या असेलच असं नाही. संध्याकाळी वाफ्यांवर रोपं दिसेनाशी झाली होती, सगळीकडे नुसते मासे. मी गुडघाभर ओला होतो आणि गाणं म्हणत होतो.

ड्रुसी चर्चच्या कामावरून परतली. बागेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता फावडं डोक्यात बसणार. तर म्हणाली, “गाणं कधीपासून म्हणायला लागलास?” आणि स्वतः माती ओढायला लागली. अंधार पडेपर्यंत आम्ही निम्मेसुद्धा वाफे झाकू शकलो नाही.

९ जुलै
ऊन कडक. वारा नाही, असता तर बरं झालं असतं.

घाण. दुसरा शब्द नाही. गावातल्या सगळ्या मांजरी आमच्याकडे मुक्कामाला आहेत. समुद्रपक्ष्यांनी वाफे उकरले. मासे कुजून तापले आणि खालची रोपं करपली. मावशी नाकाला एप्रनचं टोक लावून म्हणाली, “बागेला जेवायला घालायचं होतं रे, लग्नाची पंगत नव्हती घालायची.”

ड्रुसी हसली. मला हसू आलं नाही.

१९ जुलै

निम्मी बाग गेली. मीच घालवली. जी खूण गाठायची म्हणून दोन महिने राबलो, ती माझ्याच हातानं लांब ढकलली. सकाळी दिवाणावर पडलो होतो. ड्रुसी आली, माझे बूट आणून समोर ठेवले. एक डावा एक उजवा, बरोबर माझ्या पायांसमोर.

मेलेली रोपं उपटून त्या जागी तिनं कोबीची उशिरा येणारी रोपं लावली. मावशीकडून मागून आणली होती. म्हणाली, “जमीन आता तुझ्या कृपेनं तीन वर्षं ताकदवान आहे. यंदा फुकट गेलं म्हणजे कायमचं गेलं असं नाही.” तीन वर्षांचं काय घेऊन बसलीय, ऑक्टोबरात व्हर्नाच्या चाकांकडे बघत बसायची पाळी येणार, असं मी मनात म्हटलं.

४ सप्टेंबर
वारा वायव्य. पहिली थंडी.

या बाईला थकवा येतो की नाही कळत नाही. पाणथळातून बेरी वेचल्या, जॅम केला. कोबी मिठात घातला. कोंबड्या अंडी देतायत, त्यांचं खुराडं तिनं मासे वाळवायच्या जुन्या माचाच्या लाकडातून स्वतः ठोकलं. दर दोन दिवसांनी पाव भाजते. दुकानातून आता फक्त पीठ, मीठ, साखर आणि चहा येतो. मी आयुष्यभर समजत होतो की हे घर मी चालवतो. मी मासे आणून टाकायचो, घर तीच चालवत होती. हे तिला तोंडावर सांगायला हवं. बघू.

एक गंमत. आज तिनं भिंतीलगत रुबार्बचे, त्या आंबट देठांच्या झाडाचे कंद लावले. मी म्हटलं, “अगं, त्याला धरायला तीन वर्षं लागतात.” म्हणाली, “माहितीय.” कंद फुकट मिळाले असतील, दुसरं काय.

६ ऑक्टोबर
वारा उत्तर. बटाटे काढून झाले.

चार दिवस काढत होतो. जे वाफे वाचले त्यांत बटाटा असा आलाय की मावशी बघायला आत आली. एक एक मुठीत मावत नाही. पण वाफेच निम्मे.

ड्रुसीचं एक कळत नाही. अंड्याएवढे, गोल, निरोगी बटाटे ती वेगळ्या बादलीत वेचत होती. विचारलं, “हे कुणाला?”

“कोंबड्यांना.”

कोंबड्यांना! इथे खूण गाठायला एकेक बटाटा मोलाचा आणि ही कोंबड्यांचे लाड करतेय. पण जुलैनंतर मला बोलायला तोंड कुठे आहे.

कप्पा भरला. खुणेपासून हातभर खाली. तीनदा वरून सारखे केले, काही फरक नाही. रविवारी चर्चनंतर ती आणि मावशी बघायला येणार आहेत. मावशी साक्षीदार म्हणून. हौस बघा म्हातारीची.

९ ऑक्टोबर, शनिवार
वारा नैऋत्य. एक गोष्ट केली ती लिहितो.

बायका सगळ्या उद्याच्या सुगीच्या जेवणासाठी चर्चमध्ये सलगम सोलायला गेल्या होत्या. दुपारभर घरी कुणी नाही. मी कोठीत जाऊन बसलो. बसून बसून एक विचार आला. जुन्या काळी काही लोक पिंपाला खोटा तळ करायचे, वरून मासे घातले की पीप भरलेलं दिसायचं. मी त्यांना नावं ठेवायचो.

फळ्या शोधायला बाहेर आलो तर कोठीच्या दाराशीच फळ्यांचा ढीग. खुराड्याच्या उरल्या असतील. आणि नशीब तरी कसं, लांबी कप्प्याच्या रुंदीएवढीच. करवत लावावी लागली नाही.

सगळे बटाटे बाहेर काढले, तळाशी कडेकडेनं दगड लावले, त्यावर फळ्या टाकल्या, बटाटे पुन्हा भरले. बरोबर खुणेला लागले. पाठ मोडली, पण ते सोड. लग्नाला एकतीस वर्षं झाली. आजवर ड्रुसीला मी एकदाही फसवलं नव्हतं, मासे किती मिळाले हे सोडून. खाली पोकळी आहे आणि ती मला सतत जाणवतेय.

१० ऑक्टोबर

मावशीनं बॅटरी मारली. ड्रुसीनं खांबावरच्या खुणेवर बोट ठेवलं, मग बटाट्यांवरून हात फिरवला. मी आढ्याकडे बघत होतो.

“वरती आलेत छान,” ती म्हणाली.

“फारच वरती आलेत,” मावशी म्हणाली.

“मावशी, तू गप.”

मग ड्रुसी माझ्याकडे वळली. “ठरल्याप्रमाणे. राहायचं.” घरी येऊन तिनं व्हर्नाला फोन लावला. पोरगी तिकडे रडत होती बहुतेक. ड्रुसी हळूच म्हणाली, “आता बरा आहे तो. गाणं म्हणतो.” कुणाबद्दल बोलत होती कोण जाणे.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याच्या खाली फळ्या होत्या.

संध्याकाळी तिनं हातोडी आणून दिली. कोठीत विसरलास म्हणाली. मी हातोडी नेलीच नव्हती असं आठवतंय, पण कालच्या गडबडीत नेली असेन.

१४ नोव्हेंबर
वारा ईशान्य. पहिलं बर्फ.

बंदूक परत भिंतीवर आली. ड्रुसीनंच आणली. “गंज निघाला,” म्हणाली. गंज मुळात नव्हताच, पण वाद कशाला. पहाटे होडी घेऊन गेलो, समुद्रपक्षी मारून आणले. दोन मावशीला दिले. परत आलो तर ड्रुसी धक्क्यावर उभी होती, त्या थंडीत, नुसत्या शालीवर. म्हटलं, “काय गं, काय झालं?” तर म्हणते, “काही नाही. चहा झालाय.”

२० जानेवारी १९९४
वारा उत्तर. थंडी अशी की खिळे वाजतात.

मावशीची कोठी गोठली. दोन दारं असतात, आतलं उघडं राहिलं. सगळे बटाटे काळे पाणी झाले. आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला बोलायला काही सुचत नव्हतं. 

ड्रुसी म्हणाली, “सेल्बी, बादली घे. मावशीला दर आठवड्याला एक. आपल्याकडे खुणेपर्यंत आहेत.” आणि हे सगळं माझ्याकडे टक लावून बघत.

 बादली भरून दिली. देताना वाईट वाटलं नाही, खरं सांगतो. माझी आई गेली तेव्हा तिचे डोळे मावशीनंच मिटले होते. पण कोठीतून परत येताना मनात एकच हिशोब: वसंत यायच्या आत तळ लागणार आणि तो खोटा तळ असणार. खायला कमी पडलं तर एक वेळ निभावून नेऊ. लावायला बियाणं कुठून आणणार? बियाणं नाही तर पुढची बाग नाही. बाग नाही तर मोटारींची चाकं.

तेव्हापासून जेवताना एकच बटाटा घेतो. पोटात गॅस होतो म्हणून सांगितलंय. ड्रुसी दुसरा वाढते.

१२ मार्च

बर्फानं खाडी बंद, वादळानं रस्ता बंद, दुकानात पावाचा तुकडा नाही. मी गावातून फेरी मारून आलो, लोक हवालदिल. आमच्या टेबलावर मिठातला कोबी, सलगम, बरणीतलं मूस हरणाचं मांस, अंडी, ताजा पाव, बेरीचा जॅम. मावशीही होती. तीन माणसं जेवलो आणि ड्रुसीनं खालच्या आळीतल्या दोन घरी डबे पाठवले.

तिच्याकडे बघत राहिलो. पिठानं हात भरलेले, केस सुटलेले. म्हटलं, “ड्रुसी, तुझ्यासारखी बाई या किनाऱ्यावर नाही.”

“गॅस डोक्यात गेला की काय,” ती म्हणाली. पण कान लाल झाले होते.

शेवटी सांगितलं एकदाचं. दुसरी गोष्ट मात्र घशातच राहिली.

२ मे

तळ लागला. हाताला फळी लागली. वर चार-पाच सुरकुतलेले बटाटे. रात्रभर डोळा लागला नाही. उद्या सांगणार.

३ मे १९९४
वारा नैऋत्य, मऊ. खाडी मोकळी झाली.

नाश्ता झाल्यावर म्हटलं, “ड्रुसी, कोठीत चल. काहीतरी दाखवायचंय.” ती लगेच उठली. जाताना पक्कड घेतली. कशाला ते मी विचारलं नाही, मी माझ्याच विवंचनेत.

कोठीच्या दाराशी मी थांबलो आणि सगळं एका दमात ओकलो. खूण गाठली नव्हती. खोटा तळ केला. तुला फसवलं. बियाण्यालाही बटाटा उरलेला नाही. व्हर्नाला फोन कर, मी सामान बांधतो.

ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, “फळ्या कुठून मिळाल्या तुला?”

“दाराशी होत्या. खुराड्याच्या उरलेल्या.”

“खुराड्याच्या फळ्या हातभर असतात सेल्बी. या मी मोजून कापल्या होत्या. तू कापल्या असत्यास तर पुढून निमुळत्या झाल्या असत्या.”

 ती आत शिरली, गुडघ्यांवर बसली आणि कप्प्याच्या पुढच्या सगळ्यात खालच्या फळीचे दोन खिळे पकडीनं उपटले. फळी पडली. माझ्या खोट्या तळाच्या खाली, जिथे मी सात महिने पोकळी समजत होतो, तिथे कोरड्या शेवाळात रचून ठेवलेले बटाटे होते. अंड्याएवढे, गोल, निरोगी. प्रत्येकाला नखाएवढा फिकट कोंब फुटलेला. अख्ख्या बागेला पुरतील एवढे.

“कोंबड्यांचे?” मी म्हटलं.

“कोंबड्या बटाटे खातात होय? हे उघड्यावर ठेवले असते तर मी जानेवारीतच मावशीला देऊन टाकले असते. आणि मार्चमध्ये खालच्या आळीत. मला माझी खात्री नाही. तुझ्या फळ्यांखाली मात्र तू कुणाला जाऊ दिलं नसतंस.”

मी तिथेच दगडावर बसलो. विचारलं, “राहायचंच होतं, तर अट कशाला घातलीस?”

ती एक बटाटा हातात घेऊन त्यावरची माती अंगठ्यानं पुसत होती. “मी काही न म्हणता राहिले असते, तर तू दिवाणावरच राहिला असतास. भिंतीकडे तोंड करून.” मग बटाटा माझ्या हातात ठेवला. “आता ऊठ. कोंब मोडतील, सांभाळून काढ.”

दुपारी मावशी कुंपणाशी आली. टोपली बघितली आणि म्हणाली, “सापडले का एकदाचे? मला तर वाटलं, हा फळ्यासुद्धा उकडून खाणार.”

म्हणजे हिलाही माहीत होतं. सात महिने त्या बाईनं एक गोष्ट पोटात ठेवली. कोव्हमध्ये कुणी विश्वास ठेवणार नाही.

संध्याकाळी वाफ्यांवर गेलो. गेल्या वर्षी जिथे मासे कुजले होते तिथली माती काळी, मऊ, हात घातला की मनगटापर्यंत जातो. रुबार्बचे लाल कोंब भिंतीपाशी वर आलेत. ड्रुसी म्हणाली, कॅपलिन आले की यंदा बादल्या ती मोजणार आणि मी फक्त ओतायच्या. मी हो म्हणालो, आणि तिनं मला ते दोनदा म्हणायला लावलं.

मासे: शून्य. बटाटे उद्या लावतो.